सेंटरमध्ये जमतं, घरी का जमत नाही? (ऑटिझम, वर्तनोपचार आणि घरची माणसं)

पाटीपेन्सिल

ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. थेरपी सेंटरमध्ये टीचरने 'दे' म्हटलं की मूल वस्तू हातात देतं, चित्र दाखवून पाणी मागतं, पंधरा मिनिटं खुर्चीवर बसतं. घरी पाऊल टाकलं की यातलं काहीच दिसत नाही. मग सेंटरवाले म्हणतात घरचे लाड करतात, आणि घरचे म्हणतात थेरपीचा काही उपयोग नाही.

मला दोन्ही पटत नाही. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ७० वजा केले तर उरतात ९८. त्यातले सेंटरचे तीन, फार तर चार. बाकीच्या नव्वदेक तासांत घरच्यांनी नेमकं काय करायचं हे कुणी नीट सांगतच नाही. 'घरी प्रॅक्टिस घ्या' एवढंच वहीत लिहून येतं.

तर प्रश्न असा: घरी काय करायचं, किती करायचं आणि कुणी करायचं? सगळं आईच्या गळ्यात घालायचं का, हाही त्यातच आला. या विषयात काम करणाऱ्यांनी आणि अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तिठा

चांगला धागा. आधी 'का' बद्दल लिहितो.

यातल्या बऱ्याच मुलांचं शिकणं एका खोलीला, एका टेबलाला, एका आवाजाला चिकटून बसतं. सेंटरमध्ये लाल प्लॅस्टिकचा पेला दाखवून 'पेला' शिकवला असेल, तर घरचा स्टीलचा पेला त्याच्या लेखी निराळीच वस्तू असते. मूल विसरलेलं नाही आणि हट्टही करत नाही. 'पेला' हा शब्द दोन्हींना लागतो हे त्याला अजून कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून सुरुवातीपासूनच तीन वेगवेगळे पेले, दोन माणसं, दोन जागा हव्यात. सेंटरमध्ये पक्कं करू आणि मग घरी नेऊ, या क्रमाने गेलं की वेळ जास्त लागतो.

सेंटरकडून वहीत तीन गोष्टी मागून घ्या. नेमका शब्द कोणता वापरताय? मदत किती आणि कशी देताय (हात धरून, बोट दाखवून की नुसतं थांबून)? बरोबर केल्यावर लगेच काय देताय? ही तीन उत्तरं नसतील तर घरी होतं असं: आई म्हणते 'ते दे बघू मला', आजी म्हणते 'आण इकडे', सेंटरमध्ये चालतं 'गिव्ह'. मुलाला या तीन वेगळ्या सूचना वाटतात.

सातबारा

'गिव्ह' वरून आठवलं. पुष्कळ ठिकाणी पालकांना सांगतात की घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. हे खरं आहे का?

अनुस्वार

नाही. दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांवर बरेच अभ्यास झाले आहेत आणि दुसऱ्या भाषेमुळे बोलणं आणखी मागे पडतं असं त्यांत दिसलेलं नाही. तोटा होतो तो उलट बाजूने. ज्या आईला इंग्रजी सहज येत नाही ती 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच बोलायला लागते. अंगाईगीत, बडबडगीत, आंघोळीच्या वेळची बडबड, मामाशी फोनवर बोलणं, सगळं आटतं. घरात मराठी असेल तर मराठीच बोला. फक्त जी सूचना सध्या शिकवताय, तिचा शब्द दोन्हीकडे एकच ठेवा. म्हणजे सेंटरला 'दे' वापरायला सांगा.

मराठी घरांत आढळणारी आणखी एक गोष्ट. मुलाला पाणी हवं असतं आणि ते म्हणतं, 'तुला पाणी हवं?' किंवा मुलगा असून म्हणतो 'मी जाते'. लोक हसतात किंवा ओरडून सुधारतात. मूल ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतंय. आई रोज 'तुला पाणी हवं?' विचारते आणि मग पाणी येतं, म्हणून पाणी आणणारं वाक्य तेच, असा त्याचा हिशेब. उपाय सोपा आहे: विचारणं थांबवा आणि त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य तुम्ही म्हणा. पेल्याकडे त्याची नजर गेली की 'पाणी दे', दोन-तीन सेकंद थांबायचं, पाणी द्यायचं. त्याने परत म्हटलं नाही तरीही द्यायचं. मुलग्यासाठी 'मी जातो', मुलीसाठी 'मी जाते', बोलणारी आई असो की बाबा.

गवतीचहा

'मी जाते' चं कारण आज कळलं. धन्यवाद अनुस्वार.

आता कठीण प्रश्न. ओरडणं, चावणं, डोकं आपटणं याचं काय? सगळीकडे एकच सल्ला मिळतो, दुर्लक्ष करा.

वळचण

हा सल्ला अर्धाच असतो, आणि अर्धा सल्ला इथे त्रासदायक ठरतो.

वर्तनोपचारात पहिला प्रश्न असतो की या वागण्यातून मुलाला काय मिळतं. ढोबळमानाने चार उत्तरं असतात: कुणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू, नको त्या गोष्टीतून सुटका, किंवा शरीराला मिळणारी संवेदना. दुर्लक्षाचा उपयोग पहिल्या कारणात होतो. सुटका हवी म्हणून मूल ओरडत असेल, तर दुर्लक्ष हे बक्षीसच. समजा जेवताना ताट ढकललं, आपण काही न बोलता ताट उचललं आणि त्याला खाली उतरवलं. आपल्याला वाटलं दुर्लक्ष केलं. त्याला कळलं, ताट ढकललं की सुटका.

म्हणून आधी सात दिवस नोंद करा. वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं किंवा टळलं. मधल्या रकान्यात 'चिडला' लिहू नका. 'ताट ढकललं, १५ सेकंद ओरडला' असं लिहा, म्हणजे दोन माणसांनी पाहिलं तरी नोंद एकच होईल. वेळही टाका. आठवड्याभरात बहुतेक घरांत एखादी वेळ आणि एखादं कारण ठळक दिसतंच.

मग त्याच कामासाठी सोपी वाट शिकवायची. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हे मांडलं आणि आजही घरासाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला दिसत नाही. सुटका हवी असते? 'नको'चं कार्ड, हाताची खूण किंवा शब्द. मात्र दोन अटी. ही वाट ओरडण्यापेक्षा सोपी हवी, आणि सुरुवातीला ती प्रत्येक वेळी तत्काळ चालली पाहिजे. 'नको' दाखवलं की ताट बाजूला, लगेच. इथे घरचे घाबरतात की मग हा जेवणारच नाही. पहिले एक-दोन आठवडे थोडं कमी जेवेल. खूण पक्की झाली की वाढवायचं: दोन सेकंद थांब, पाच सेकंद थांब, नंतर 'एक घास, मग झालं'. मात्र वजन घटत असेल किंवा मूल मोजके तीन-चारच पदार्थ खात असेल, तर हे घरच्या घरी न करता डॉक्टर आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

पूर्वी मिळणारी गोष्ट थांबली की वागणं आधी वाढतं, मग उतरतं, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. तीन दिवस कुणी मोबाइल दिला नाही आणि चौथ्या दिवशी अर्ध्या तासाच्या रडण्यानंतर दिला, तर मूल शिकतं की अर्धा तास रडावं लागतं. घरातले सगळे तयार नसतील तर हा भाग सुरूच करू नका, नुसतं मागायला शिकवा.

डोकं आपटणं, स्वतःला चावणं यात दुर्लक्ष करायचं नाही. मध्ये उशी किंवा हात घालायचा, कमीत कमी बोलायचं, आणि अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर. कान, दात, बद्धकोष्ठता, पित्त. बोलता न येणारं मूल दुखणं असंच सांगतं.

पाटीपेन्सिल

वळचण, फार उपयोगी. पण 'घरातले सगळे तयार' हीच तर मेख आहे. आजोबा तयार नसतात.

सातबारा

आजोबांची बाजू मी मांडतो. आजी-आजोबांना 'देऊ नका' सांगितलं तर ते चोरून देतील. 'असं मागितलं की द्या' सांगितलं, तर दिवसातून वीस वेळा सराव होईल आणि वर तुम्हालाच शिकवतील. :)

अनुस्वार

सातबारांना शंभर टक्के अनुमोदन. आजोबांना एकच काम द्यावं, उदाहरणार्थ 'मुरमुरे'. डबा त्यांच्याकडे, कार्ड त्यांच्यासमोर. बाकी सगळे नियम त्यांना सांगायची गरज नाही.

आडवाट

मी थोडा विरोधी सूर लावते.

वर्तनोपचार म्हणून आपल्याकडे जे विकलं जातं त्याचं मूळ बघा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आयव्हार लोवास यांचा १९८७ चा अभ्यास: १९ मुलं, आठवड्याला ४० तास, आणि त्यांतली ९ सर्वसाधारण शाळेत व बुद्ध्यांकात बसली असा दावा. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हाही तेव्हाच्या पद्धतीचा भाग होता. सेंटरच्या जाहिरातींतला 'चाळीस तास' तिथूनच आला. आणि ध्येय होतं इतर मुलांसारखं दिसणं.

आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक स्वतः लिहितात की 'माझ्याकडे बघ' आणि 'हात शांत' या शिकवणीने त्यांना काय सोसावं लागलं. हात फडफडवल्याने कुणाचं काही बिघडत नाही. ते मूल त्यातून स्वतःला सावरत असतं. नजरेला नजर देणं अनेकांना त्रासाचं असतं, आणि ऐकण्यासाठी ते लागतही नाही. ज्या सेंटरच्या ध्येयांच्या यादीत या दोन गोष्टी पहिल्या असतील, तिथे पालकांनी 'का?' विचारलंच पाहिजे. मुलाने साहित्य ढकललं, तोंड फिरवलं, तर तेही बोलणंच आहे. रडणाऱ्या मुलाचा हात धरून ठोकळे रचून घेण्याला मी शिक्षण म्हणणार नाही.

वळचण

आडवाट, फडफड आणि नजर यांबद्दल पूर्ण सहमत. त्या दोन गोष्टी ध्येय म्हणून लिहिणं आता थांबलंच पाहिजे. आजच्या पद्धती मुलाच्या खेळात शिरून शिकवतात. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल किंवा कॉनी कसारी यांचं जॅस्पर यांत टेबल-खुर्ची जवळपास नसतेच.

पण पायरीपायरीने शिकवणं टाकून देऊ नका. संडास, कपडे, रस्ता ओलांडणं हे खेळता खेळता येत नाही. चड्डीचं उदाहरण घ्या. शेवटून सुरू करायचं: तुम्ही ती मांडीपर्यंत चढवा, कमरेपर्यंतची शेवटची ओढ मुलाची. ते जमलं की गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून संपतं, म्हणून चिडचिड कमी होते. मदत हळूहळू काढायची. तसं नाही केलं तर मूल तुमच्या हाताची वाट बघत उभं राहायला शिकतं.

संडासासाठी तीन-चार दिवस फक्त वेळा टिपा. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवा, तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. टेकू नसला की जोर लागत नाही आणि भीतीही वाटते. शौच घट्ट होत असेल तर आधी त्याचे उपचार, मग प्रशिक्षण.

मांडवीकाठ

चाळीस तासांच्या उलट टोकाची गोष्ट आमच्या गोव्यातली आहे. 'संगत' संस्थेने गोव्यात आणि तिकडे रावळपिंडीत मिळून पास नावाची चाचणी केली. ब्रिटनमधली पॅक्ट ही पद्धत इथल्या घरांसाठी बदलून घेतली होती. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. शिकवायला तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे. निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त छापले.

पद्धत अशी: पालक आणि मूल खेळतानाचं थोडंसं चित्रीकरण करायचं, मग पालक आणि कार्यकर्ता मिळून ते बघायचं. चुका शोधायच्या नसतात. ज्या क्षणी पालक थांबले आणि मुलाने काहीतरी केलं, तो क्षण शोधायचा असतो. पालकांचा मुलाशी ताल जुळणं वाढलं आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला. हेही सांगायला हवं, नाहीतर जाहिरात होईल.

घरी करून बघता येतं. फोन फळीवर टेकवा, दहा मिनिटं खेळा, रात्री बघा. फक्त तीन गोष्टी मोजा: किती प्रश्न विचारले, किती हुकूम सोडले, किती वेळा पाच सेकंद गप्प राहिलात. पहिल्या वेळी तिसरा आकडा बहुतेकांचा शून्य येतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-प्रशिक्षणाचा कार्यक्रमही याच वळणाचा आहे. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी, नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी.

गवतीचहा

पाच सेकंद गप्प राहणं मराठी घरात! उपचार कठीण आहे खरा. :)

टिपूर

अवांतर, पण गणपती जवळ आलेत म्हणून. ढोल-ताशा, फटाके आणि घरातला मिक्सर यांचं काय करायचं?

आडवाट

अवांतर कसलं, हाच तर घरचा प्रश्न. कानावर बसणारे इअरमफ घ्या, आणि मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढू नका. तीन आठवडे आधीपासून आवडत्या खेळाच्या वेळी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. दिवसभर घालून ठेवू नका, त्याने नेहमीचे आवाजही जास्त बोचायला लागतात. गणपती बघायला सकाळी गर्दीआधी जा. 'गणपती, प्रसाद, घर' अशी तीन चित्रं क्रमाने दाखवा आणि 'घरी' जाण्याची एक खूण ठरवा. ती दाखवली की खरंच निघायचं, काकूंचा चहा राहिला तरी.

मिक्सरचं बटण मुलालाच दाबू द्या. आवाज आपल्या हाताने सुरू झाला आणि बंदही झाला की धसका बराच उतरतो. कुकरसाठी 'शिट्टी होणार' असं आधी सांगा.

अर्जदार

कागदपत्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, गुण ४० ते २००. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र निघतं. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना ते अर्जाआधी बघा, बरेच अर्ज तिथेच अडकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, त्यात थेरपीही येते. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असल्यास सव्वा लाख. अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, आईबाप आहेत म्हणून ते आपोआप चालू राहत नाही.

पैशांची अडचण असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं आहेत आणि तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. खासगी थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

टिपूर

मोबाइल बंद केला की ऑटिझम जातो, असा एक मेसेज फिरतोय. आणि स्टेम सेलचाही.

तिठा

मोबाइल कमी केल्याने खेळायला आणि बोलायला वेळ मिळतो, म्हणून कमी कराच. पण ऑटिझम त्याने झालेला नसतो, त्यामुळे त्याने जातही नाही. स्टेम सेलबद्दल: आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडून बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. लाखो रुपये मागितले जात असतील तर तिथून उठा. लसीचा मुद्दा निघण्याआधीच सांगतो, लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा तो लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आहे.

अनुस्वार

आईच्या गळ्यात घालण्याबद्दल पाटीपेन्सिलने सुरुवातीला विचारलं होतं, ते मागेच पडलं. दिवसाचा एकेक भाग एकेका माणसाला वाटून द्या. आंघोळ बाबांची, संध्याकाळचा खाऊ आजोबांचा, झोपताना आई. ज्याच्याकडे जे आहे त्याने तेवढंच शिकवायचं. वेगळं टेबल मांडून 'थेरपीचा तास' घरी घेऊ नका, त्यात आई आणि मूल दोघंही थकतात. भावंडाला राखणदार करू नका. त्याला रोज पंधरा मिनिटं एकट्याची द्या, त्या वेळात या विषयावर बोलणं नाही. आणि आठवड्यातून एकदा दोन तास आईने घराबाहेर असावं. त्यासाठी मुलाच्या खुणा आणि कार्डं माहीत असलेला दुसरा माणूस घरात तयार हवा, म्हणजे तोही शिकवण्याचाच भाग झाला.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. आता अगदी व्यवहाराचं विचारते. उद्यापासून एकच गोष्ट सुरू करायची, मूल अजिबात बोलत नाही, हात धरून ओढत नेतं. मुरमुरे मागायला शिकवायचे. नेमकं कसं? आणि कार्ड वापरलं की बोलणं कायमचं राहतं ही भीतीही असते.

वळचण

भीती नको. चित्रं किंवा ॲप वापरल्याने बोलणं थांबत नाही, उलट काही मुलांचं सुरू होतं. पुढे ॲप हवं तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मराठीत बोलतं.

अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांच्या चित्र-देवाणघेवाणीची पहिली पायरी अशी. पारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा दिसेल पण हाती येणार नाही असा ठेवा. दिवसभर मुरमुरे इतर कुठूनही मिळता कामा नयेत. तुमच्याच डब्याचा फोटो काढून तळहाताएवढं कार्ड करा आणि लॅमिनेट करा. पहिले काही दिवस दोन माणसं लागतील. आजोबा समोर, डबा त्यांच्याकडे, हात पसरलेला. बाबा मुलाच्या मागे. मुलाने डब्याकडे हात नेला की बाबांनी तोच हात कार्डावर नेऊन, कार्ड उचलून आजोबांच्या हातात ठेवायला मदत करायची. कार्ड हातात पडताक्षणी आजोबांनी 'मुरमुरे' म्हणायचं आणि सात-आठ दाणे द्यायचे. मूठभर दिले तर दुसरी संधीच येणार नाही.

'काय हवंय?', 'कार्ड दे' असं कुणीही म्हणायचं नाही. मागच्याने तर तोंड उघडायचंच नाही. एका बैठकीत दहा-बारा वेळा पुरे. मागची मदत रोज थोडी कमी: आधी मनगट, मग कोपर, मग नुसता स्पर्श.

पाटीपेन्सिल

आणि मुरमुरे संपले, तर कार्ड लपवून ठेवायचं का?

वळचण

नाही, लपवू नका. ते त्याचं बोलणं आहे. रिकामा डबा उघडून दाखवा, 'संपले' म्हणा, 'संपले'चं वेगळं चित्र शेजारी लावा आणि दुसरं काय आहे ते समोर ठेवा. पहिल्या आठवड्यात रडेल. म्हणून त्या आठवड्यापुरते मुरमुरे जास्तच आणून ठेवा.

सातबारा

दोन किलो आणतो. आजोबाही खातात त्यातले. :)